हाफची मान

पाटगावकर सरांचं माणूस पारखायचं शास्त्र मानेपासून सुरू व्हायचं आणि मानेपाशीच संपायचं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ते जिमखान्याचे सर होते आणि फुटबॉलची टीम त्यांच्या ताब्यात होती. नाव यज्ञेश्वर, पण त्या नावाची आठवण असलेलं जगात एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण लीला, आणि तीही नुसतं 'यज्ञा' म्हणायची. बाकी सगळ्या गावाला ते पाटगावकर सर. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी आणि बारा महिने तीच सायकल. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि पुढं विचारण्यासारखं वय राहिलं नाही.

कोल्हापुरात फुटबॉलची टीम बांधायला काय लागतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. इथलं पोरगं चालायला लागलं की पहिलं पाऊल बॉलवर टाकतं. पण दुखणं तिथंच होतं. ज्याला त्याला गोल मारायचा असायचा. फॉरवर्ड मागाल तेवढे मिळत. पण फॉरवर्ड आणि बॅक यांच्या मधे उभे राहतात ते तीन हाफ, त्यांची वानवा. समोरून आलेला हल्ला पहिल्यांदा यांनी अंगावर घ्यायचा, बॉल काढायचा आणि स्वतःजवळ न ठेवता पुढच्याला देऊन टाकायचा. ही हमाली कोण करणार? जिंकल्यावर लोक खांद्यावर घेतात ते गोल मारणाऱ्याला. हाफ बिचारा मिरवणुकीच्या मागनं आपले बूट हातात धरून चालत येतो.

त्यात पेठांची भानगड. गावातलं प्रत्येक पोरगं आधी आपल्या पेठेच्या तालमीचं आणि मग कॉलेजचं. तालमीतालमींच्या सामन्यात एकमेकांच्या नडग्या फोडलेली पोरं कॉलेजची जर्सी घालून एका टीममध्ये उभी राहायची, आणि वरच्या पेठेतला हाफ खालच्या पेठेतल्या फॉरवर्डला काही केल्या बॉल द्यायचा नाही. तो मोकळा उभा राहून बोंब मारत असला तरी नाही. सरांनी कान धरून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दिसला न्हाय सर."

म्हणून सरांनी नियमच करून टाकला होता. फॉरवर्ड गावातले, हाफ गावाबाहेरचा. ज्याला पेठ नाही त्यालाच मधे उभं राहता येतं, असं ते म्हणत. ते स्वतः लहानपणी पाटगावाहून शिकायला आलेले. शहरात उभा जन्म गेला, पण कुठल्या पेठेनं त्यांना आपलं म्हटलं नाही आणि त्यांनीही कुणाच्या दारी जाऊन तसं मागितलं नाही.

मग रविवार आला की सर एस.टी.त बसून हाफ शोधायला निघत. कोडोली, आजरा, हातकणंगले, जिथं कबड्डीचा डाव असेल, यात्रा असेल, बाजार असेल तिथं जाऊन कडेला उभे राहत. खेळाकडं त्यांचं फारसं लक्ष नसायचं. ते माना बघत. चांगल्या हाफची मान एका जागी राहत नाही, बॉल यायच्या आधीच तो मागं कोण आहे ते बघून ठेवतो, हे त्यांचं म्हणणं. कोडोलीत एका म्हाताऱ्यानं आपला पैलवान पुतण्या त्यांच्यापुढं आणून उभा केला होता. "पावणं, न्या की ह्याला. रेड्याला आडवं करतंय पोरगं." सरांनी त्या पोराच्या मागं जाऊन हळूच टाळी वाजवली. पोरगं वळलं, पण अख्खं वळलं, कपाट फिरवावं तसं. सरांनी चहा घेतला, म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि मिळेल त्या गाडीनं परत आले.

टीमची बैठक बसली की त्यांचा एकच प्रश्न असे. "मागं कोण?" म्हणजे सेंटर हाफचा पाय मुरगळला तर त्याच्या मागं कोण उभा आहे, आणि त्याला ताप आला तर त्याच्याही मागं कोण. एका जागेला तीन माणसं तयार नसतील तर ती टीम नव्हे, नशीब आहे, असं ते पोरांना ऐकवत. पोरं त्यांची नक्कल करत. ते त्यांना ठाऊक होतं.

दिलदार त्यांना सापडला तो हातकणंगल्याच्या स्टेशनात. एकोणसत्तर सालचा उन्हाळा. प्लॅटफॉर्मवर लग्नाचं वऱ्हाड, ट्रंका, पोरंबाळं, आणि त्या गर्दीतून एक सडपातळ पोरगा डोक्यावर कापसाचं भलंमोठं गाठोडं घेऊन चालला होता. गाठोड्याखालून त्याची मान डावीकडं, उजवीकडं, मागं अशी सारखी फिरत होती आणि त्याचा धक्का कुणाला म्हणून लागत नव्हता. सर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होते. ती त्यांनी सोडून दिली आणि पोराच्या मागं त्याच्या घरापर्यंत गेले.

बाप मीरासाब नदाफ, गाद्या भरणारा पिंजारी. दारात कापूस पिंजत बसला होता, भुवया पांढऱ्याफेक झालेल्या. पोरगं मॅट्रिक झालेलं, कॉलेजला घाला, फी आणि राहण्याचं मी बघतो, असं सर म्हणाले. मीरासाबनं धनुकली खाली ठेवली.

"मास्तर, कालिजात घालतो. पर बॉल लाथाडून पोट भरतंय व्हय कुणाचं?"

"भरतं. बँका, कारखाने खेळाडूंना नोकरीला घेतात. हा खेळला तर नोकरी लागेल. माझा शब्द."

मीरासाबनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "शबुद दिलासा, मग न्या," तो म्हणाला आणि परत कापसाला लागला.

पहिलं वर्ष दिलदार रोज गाडीनं यायचा. सराव आटपून जाईपर्यंत शेवटची गाडी चुकायची, म्हणून एक दिवस लीलाताईच म्हणाली, बाहेरची खोली रिकामीच आहे, राहू दे की. ताई तरुणपणी विधवा होऊन भावाकडं आलेली, सोवळंओवळं पाळणारी. दिलदारचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. तसे बरेच महिने गेले. मग एके सकाळी तो कप खिडकीत नव्हता, इतर कपांत मिसळला होता. पुढं पुढं ताई दिलदारला सरांच्या आधी वाढायची. सामना कळत नसला तरी संध्याकाळी विचारायची, "आज पडलास का कुठं?"

आणि खेळात तर काय विचारता. दिलदार मैदानाच्या मधोमध उभा राहिला की दोन्ही पेठांची पोरं मुकाट्यानं त्याचा बॉल घेत, कारण तो कुणाचाच नव्हता. दर थोड्या वेळानं तो कडेला उभ्या असलेल्या सरांकडं एक नजर टाकायचा. सर बोटानं जरा खूण करत, की दिलदार तसा सरकलेला असे. त्या एका नजरेसाठी सर दिवसभर ऑफिसातलं रटाळ काम रेटून नेत.

बहात्तरच्या श्रावणात ताई गेली. दोन दिवसांचा ताप आणि खेळ खलास. दिवसकार्य झालं, नातेवाईक आपापल्या गावी परतले, आणि घरात सर आणि दिलदार असे दोघेच उरले. शालूबाईच्या खानावळीतून डबा यायचा. दोघं समोरासमोर बसून जेवत. बोलणं फारसं नसे, पण समोर कुणीतरी भाकरी मोडतंय एवढ्यावर सरांचा घास उतरायचा.

त्याच वर्षी सरांनी रविवारचं बाहेर पडणं सोडलं. दिलदारचं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या साली सेंटर हाफला कोण, हा प्रश्न सगळ्या कॉलेजला दिसत होता, फक्त 'मागं कोण' विचारणाऱ्या माणसाला दिसत नव्हता. प्रिन्सिपलनी एकदा छेडलं, "पाटगावकर, दिलदारच्या मागं कोण तयार करताय?" सर म्हणाले, "बघतोय." बघत वगैरे काही नव्हते. दिलदारच्या मागं दुसरा उभा करायचा म्हणजे दिलदार जाणार हे कबूल करायचं, आणि ते काही त्यांच्याच्यानं होईना.

त्र्याहत्तरच्या माघात पुण्याहून एक माणूस आला. एका कारखान्याच्या टीमचा. त्यांना एक हाफ हवा होता, नोकरी पक्की. सराव बघायला तो मैदानावर येऊन बसला, पण त्या दिवशी दिलदारचा घोटा सुजलेला, तो जेमतेम थोडा वेळ खेळला. डावा हाफ चमन बागवान मात्र जीव तोडून धावला. संध्याकाळी सर पाहुण्याला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. तिथं म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. सरावानंतर कॉलेजची पोरंही तिथंच जमायची.

पेला हातात घेऊन तो माणूस म्हणाला, "सर, मी आज काही नीट बघितलं नाही. पण तुम्ही खोटं कौतुक करत नाही असं ऐकून आहे. तुम्ही सांगाल तो घेऊन जातो. तुमचा सेंटर हाफ कसा आहे?"

आता इथं माणसानं काय करावं? बापाला शब्द दिलेला. पोराचं आयुष्य एका वाक्यावर येऊन थांबलेलं. आणि वाक्य तर तयारच होतं, चार वर्षं ते मनात घोळवत होते, असा हाफ मी पुन्हा बघणार नाही म्हणून. पण सरांच्या डोळ्यांपुढं खानावळीचा डबा आला, एकाच माणसाचा. बाहेरची खोली आली, रिकामी.

"पोरगा चांगला आहे," सर म्हणाले, "पण मागचं बघत नाही. अजून वर्षभर लागेल. तुम्ही चमनला न्या."

पाहुण्यानं मान डोलावली. पाटगावकर सर म्हणाले म्हणजे म्हणाले. चमन पुण्याला गेला, आणि त्याच्यासाठी ते चांगलंच झालं, त्यात काही वाद नाही.

सरांनी स्वतःची समजूत घातली की पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात दिलदारला चिकटवू. दिलदार बी.ए. झाला, सरांनी त्याला एम.ए.ला नाव घालायला लावलं, म्हणजे टीममध्ये खेळता येईल. दिलदार बरं म्हणाला. त्या वर्षी तो असा खेळला की लोक काम टाकून कॉलेजचे सामने बघायला यायला लागले. एकच गोष्ट बदलली होती. तो आता कडेला बघायचा नाही. सर बोटानं खूण करत राहायचे आणि दिलदार पाठ करून उभा. पोरगं मोठं झालं, आता त्याला माझी खूण लागत नाही, असं सर शालूबाईला सांगत. सांगताना आवाज कौतुकाचा काढत.

पुढच्या वर्षी त्या कारखान्यात संप झाला, आणि टीम मोडली. इतर ठिकाणी सरांनी खेटे घातले, पण कुठं जमलं नाही. तिकडं मीरासाबची छाती कापसाच्या तुसानं भरून आली. दिलदार आपली ट्रंक घेऊन हातकणंगल्याला गेला, बापाची धनुकली खांद्यावर घेतली आणि पिंजारी झाला. जाताना सरांच्या पाया पडला. कॉलेजची टीम पुढच्या साली पहिल्याच फेरीत बाद झाली. सेंटर हाफला माणूसच नव्हता.

त्यानंतर काही वर्षं दिलदार फिरकला नाही. सर बाहेरची खोली रोज झाडून घेत, का ते त्यांनाच ठाऊक. मग एका दिवाळीनंतर सकाळीच दारात सायकलची घंटा वाजली. "सर, गादी पिंजायला काढा." दिलदार. अंगानं भरलेला, भुवयांवर कापूस. त्यानं अंगणात गादी उसवली, कापूस पिंजला, परत भरला, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून दर दिवाळीनंतर तो यायला लागला. एकट्या माणसाच्या वजनानं गादी वर्षभरात कितीशी दबणार? ती दबलेली नसायचीच. दिलदारला ते कापसाला हात लावताच कळत असणार, त्याचा धंदाच तो. पण तो गुमान पिंजायचा. सर समोर खुर्ची टाकून बसत आणि त्या धनुकलीचा आवाज ऐकत. वर्षातला तेवढा एक दिवस घर भरल्यासारखं वाटायचं. सर निवृत्त झाल्यावर तर दिवाळी म्हणजे दिव्यांची नव्हे, गादीचीच.

त्र्याऐंशी साली दिलदार आला तो दाढी वाढलेला. मीरासाब दिवाळीच्या आधीच गेला होता. कापूस मोकळा करता करता दिलदार म्हणाला, "अब्बा शेवटपातूर तुमचं नाव काढत हुते सर. म्हणायचे, मास्तरनं शबुद दिलाता, पर कारखान्याची टीमच मोडली, त्येला मास्तर काय करंल."

सरांना बसवेना. दहा वर्षं जे घशाखाली दाबून ठेवलं होतं ते वर आलं. मेलेल्या माणसानं आपल्याला माफ करून टाकलं होतं, तेही चुकीच्या हिशोबानं. ते खुर्चीतून उठले आणि दिलदारच्या पुढ्यात, कापसातच, खाली बसले.

"दिलदार, तो पुण्याचा माणूस आधी तुझ्याबद्दल विचारत होता. मीच त्याला..."

धनुकली थांबली नाही. "ठावं हाय."

"चमननं सांगितलं?"

"चमनला काय म्हाईत? मी हुतो की तितं. म्हशीच्या पल्याड. घोटा सुजलाता, म्हणून वैरणीच्या पेंडीवर बसलोतो. तुमी म्हणला, पोरगा चांगला हाय, पर मागचं बघत न्हाय." आता त्यानं धनुकली खाली ठेवली. "मी तुमच्याकडंच बघत हुतो सर. म्हणलं, आता मान वळंल. तुमी वळलाच न्हाईसा."

अंगणात कापूस हळूहळू खाली बसत होता. सर म्हणाले, "राग आला असेल."

"लई. वरीसभर मैदानात तुमच्या तोंडाकडं बघितलं न्हाय मी."

"मग घर सोडून का गेला नाहीस?"

दिलदारनं खांदे उडवले. "ताईंचं वरीस व्हायचं हुतं. घरात कुणीतरी असावं म्हणलं. वरीस झालं की जाऊ म्हणलं, तवर शिझन लागला."

सरांना बोलायचं होतं. तुझं नुकसान केलं, तुझ्या बापाचं केलं, आणि ते कशासाठी केलं हेही सांगायचं होतं, की मला एकटं राहायची भीती वाटली रे. पण मैदानभर ओरडणाऱ्या त्या माणसाला एवढी चार अक्षरं जमली नाहीत. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते कापसाच्या तुसावर घातले.

दिलदारनं गादी भरली, टाके घातले, वरून दोन थापट्या मारून ती खाटेवर नेऊन टाकली. चहाचा कप त्यानं नेहमीप्रमाणं स्वतः विसळून इतर कपांत ठेवला. मग सायकलला धनुकली बांधत म्हणाला, "फुडच्या साली न्हाय यायचो मी सर. इचलकरंजीत पिंजायची मशीन घेतलीया. दारोदार फिरनं बंद. गादी द्या पाठवून कुणाबरूबर."

"पाठवतो," सर म्हणाले. कुणाबरोबर, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि दिलदारलाही.

ते फाटकापर्यंत आले. दिलदार सायकलवर बसला आणि गल्लीतून निघाला. सर उभे राहिले. गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला लागते तिथं तो थांबला, एक पाय टेकला, आणि त्याची ती मान, हातकणंगल्याच्या स्टेशनात पहिल्यांदा बघितलेली मान, सावकाश मागं वळली. सरांचा हात आपोआप वर गेला.

मोठ्या रस्त्यानं मागच्या अंगानं उसाचा ट्रक येत होता. दिलदारनं तो पुढं जाऊ दिला आणि पायडल मारलं.